पोल्ट्री बुडाली म्हणून तिने घरात उंदीर पाळले, आणि त्याच उंदरांनी कॅन्सरच्या संशोधनाला वाट दाखवली

सध्या एका प्रकारचे रील जोरात चालतात. काचेच्या टाकीत बॉल पायथन, मालकाच्या हातात चिमटा आणि चिमट्यात पांढरा उंदीर. त्याच्या पाठोपाठ दुसरं रील येतं : दुकानातून उंदीर आणणं परवडत नाही, तर घरीच उंदरांची कॉलनी करा. दोन-चार प्लास्टिकचे टब, लाकडाचा भुसा, एक नर, तीन माद्या, झालं काम.

बघताना हे सगळं एकदम सोपं वाटतं. पण जालन्यात बसून हे करून बघायचा विचार असेल, तर आधी कायदा समजून घ्या. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, धामण, आपला अजगर, यातला कुठलाही देशी साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. सर्पमित्रालाही पकडलेला साप घरी पाळता येत नाही. बॉल पायथनसारखा परदेशी साप असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते.

आता मुद्द्यावर येऊ. घराच्या मागे पिंजरे मांडून उंदरांची पैदास करायची आणि ती विकायची, हा धंदा जगात कुणी गाजवला असेल तर एका बाईने. तिचं नाव ॲबी लॅथ्रॉप.

शाळेतली बाई ते उंदीरवाली बाई

ॲबीचा जन्म १८६८ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. आईवडील दोघेही शिक्षक. सोळा वर्षांची होईपर्यंत तिचं शिक्षण घरीच झालं. मग दोन वर्षं शाळा केली, शिक्षिकेचं सर्टिफिकेट मिळवलं आणि नोकरी धरली.

पण तब्येतीने साथ दिली नाही. तिला पर्निशियस ॲनिमिया होता. साध्या भाषेत सांगायचं तर, शरीराला अन्नातलं बी-१२ घेता येत नाही, रक्त कमी होत जातं, माणूस थकत जातो. तेव्हा यावर औषधच नव्हतं. शिकवणं सुटलं.

१९०० च्या सुमाराला ती मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी नावाच्या छोट्या गावात आली आणि तिने कोंबड्या पाळायला सुरुवात केली. हा धंदा काही चालला नाही. मग तिने उंदीर पाळायचं ठरवलं.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तेव्हा ते तसं विचित्र नव्हतं. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. स्वतःला तो व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा म्हणवायचा. पकडलेल्यांत वेगळ्या रंगाचा उंदीर दिसला की तो मारायचा नाही, ठेवून घ्यायचा, त्याची पैदास करायचा आणि श्रीमंत घरच्या मुलींना पाळायला विकायचा. तिथून पाळीव उंदरांचा शौक वाढत गेला आणि पुढे अमेरिकेतही पोचला.

ॲबीने सुरुवात केली ती नाचऱ्या उंदरांच्या एका जोडीपासून. हे जपानी वाणाचे छोटे उंदीर सतत गोल गोल फिरतात. ते काही खुशीने नाचत नसतात, कानाच्या आतल्या भागातल्या जन्मजात दोषामुळे त्यांचा तोल जातो. लोकांना मात्र ते फार आवडायचे.

एका जोडीचे अकरा हजार

उंदरांची पैदास का वाढते, याचं गणित बघा. आपण ज्याला माऊस म्हणतो त्या छोट्या उंदराची मादी साधारण वीस दिवसांत विते आणि एका वेताला सहा ते आठ पिल्लं देते. रॅट म्हणजे मोठा उंदीर घ्या, तर बावीस-तेवीस दिवस आणि आठ ते बारा पिल्लं. विल्यानंतर एका दिवसाच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते. तीन आठवड्यांत पिल्लं दूध सोडतात, पाच-सहा आठवड्यांत वयात येतात. म्हणजे पाचव्या आठवड्यापर्यंत नर-मादी वेगळे केले नाहीत, तर पुढचा हिशेब तुमच्या हातात राहत नाही.

ॲबीने तो हातात ठेवला. तिच्याकडे एका वेळी अकरा हजारांच्या घरात उंदीर होते. शिवाय रॅट, गिनी पिग, ससे, फेरेट हेही होते. लाकडी खोक्यांत गवत टाकून ती उंदीर ठेवायची. महिन्याला दीड टन ओट आणि डझनभर पिंपं बिस्किटं लागायची. खोकी साफ करायला गावातली पोरं यायची, त्यांना ताशी सात सेंट मिळायचे. एडिथ चॅपमन ही मैत्रीण मदतीला होती.

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट हीच आहे. उंदरांच्या मुताचा अमोनिया डोळ्यांत झोंबतो, बंद खोलीत उंदरांच्याच फुप्फुसाला धरतो, भुसा वेळेवर बदलला नाही तर आजार येतात. लेप्टोस्पायरोसिस आणि उंदीर चावल्याने येणारा ताप माणसालाही होतो. कॉलनी उभी करणं सोपं आहे, रोज झाडणं अवघड आहे.

गिऱ्हाईक बदललं

१९०२ च्या सुमाराला ॲबीकडे वेगळंच गिऱ्हाईक आलं. हार्वर्ड विद्यापीठाचे विल्यम कॅसल. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते आणि ते सस्तन प्राण्यांना लागू होतात का, हे कॅसलना तपासायचं होतं. त्यासाठी रंग ठाऊक असलेले, आईबाप ठाऊक असलेले उंदीर हवे होते. ते ॲबीकडे होते, कारण ती पहिल्यापासून वहीत नोंद ठेवायची. कुठली मादी, कुठला नर, किती पिल्लं, कशाने मेली, सगळं.

जालनेकरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून या गावाला माहीत आहे की बियाण्याचं मोल त्याच्या शुद्ध वाणात असतं. कुठलं झाड कुणाचं, हे लिहिलेलं नसेल तर ते नुसतं धान्य. ॲबी उंदरांच्या बाबतीत तेच करत होती.

वहीतून निघालेला शोध

१९०८ च्या सुमाराला तिला काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या. दुसऱ्या कुणी ते उंदीर फेकून दिले असते. तिने नमुने बऱ्याच शास्त्रज्ञांकडे पाठवले. त्यातल्या लिओ लोएब यांनी तपासून कळवलं की हा कॅन्सर आहे.

मग दोघांचं काम सुरू झालं. प्रयोग ॲबीच्या शेतावरच व्हायचे. १९१३ ते १९१९ या काळात दोघांच्या नावाने दहा शोधनिबंध आले. त्यातून दिसलं ते असं : काही वाणांत स्तनाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या जास्त येतो, काहींत कमी, म्हणजे आनुवंशिकतेचा हात आहे. आणि मादीचं बीजांड लवकर काढलं तर कॅन्सरचं प्रमाण घटतं, म्हणजे हार्मोनचाही हात आहे. आज स्तनाच्या कॅन्सरवर हार्मोन रोखणारी औषधं देतात. त्यामागच्या विचारातला एक सुरुवातीचा पुरावा ग्रॅनबीच्या लाकडी खोक्यांतून आला.

तिच्याकडे विज्ञानाची पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. तरी शोधनिबंधावर तिचं नाव लागलं, आणि त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. शेजारपाजाऱ्यांना मात्र ती विक्षिप्त उंदीरवाली बाईच वाटायची.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ॲबी गेली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याच ॲनिमियाने. आठ वर्षांनी, १९२६ मध्ये, तिच्याच राज्यातल्या बॉस्टनमध्ये मिनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवून दिलं की रोज भरपूर लिव्हर खायला दिली की हा आजार आटोक्यात येतो. १९३४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

५७ नंबरची मादी

कॅसल यांचा विद्यार्थी क्लॅरेन्स लिटल. त्याने १९२१ मध्ये ॲबीच्या साठ्यातून आलेल्या ५७ नंबरच्या मादीपासून एक वाण तयार केला. त्याचं नाव सी-५७ ब्लॅक. यातला ब्लॅक-६ हा उपवाण आज जगातल्या प्रयोगशाळांत सर्वात जास्त वापरला जाणारा उंदीर आहे. २००२ मध्ये उंदराचा जनुकीय आराखडा पहिल्यांदा मांडला गेला, तो याच वाणाचा. कॅन्सर, मधुमेह, लस, मेंदूचे आजार, कुठलंही नवं औषध घ्या, त्याच्या वाटेवर कुठेतरी ५७ नंबरच्या मादीचे वंशज भेटण्याची शक्यता मोठी आहे.

लिटल यांनी १९२९ मध्ये जॅक्सन लॅबोरेटरी उभी केली. ॲबीच्या वह्या आता तिथे जपून ठेवल्या आहेत. अकरा हजार उंदीर तर कधीच संपले. टिकली ती नोंद, कारण रोज खोकी साफ झाल्यावर ती बाई थकलेल्या हाताने लिहायला बसायची.