विश्लेषण : जेऊरला ग्रहण टिपणारे नायगमवाला कोण होते? चंद्रग्रहणाचा फोटो काढताना त्यांच्याकडून काय शिकता येईल?

दौंड जंक्शनवरून सोलापूरकडे जाणारी गाडी भिगवण मागे टाकते, उजनीचे पाणी दिसते आणि पुढे करमाळा तालुक्यातले जेऊर स्टेशन येते. केळी आणि उसासाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी सुमारे दोन मिनिटे अंधार झाला होता. त्या दोन मिनिटांसाठी पुण्याहून यंत्रांची खोकी घेऊन एक प्राध्यापक आले होते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

पुढचे खग्रास चंद्रग्रहण महाराष्ट्रातून ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री दिसणार आहे. शिरूर, दौंडच्या गच्च्यांवरून त्या रात्री हजारो मोबाइल चंद्राकडे रोखले जातील. त्याआधी, याच रेल्वेमार्गावर ग्रहण टिपणाऱ्या या माणसाची गोष्ट समजून घेऊ. फोटोच्या तांत्रिक बाबीही त्या ओघात सोप्या होतील.

नायगमवाला कोण होते?

त्यांचा जन्म १८५७ चा, पारशी कुटुंबातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून ते १८७८ मध्ये एम.ए. झाले. विषय होते भौतिक आणि रसायनशास्त्र. पुढे त्याच कॉलेजात ते प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवू लागले.

प्रकाशाचा वर्णपट पाहण्यासाठी कॉलेजात एक प्रयोगशाळा असावी, अशी त्यांची मूळ कल्पना होती. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी त्यासाठी ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. उपकरणे खरेदीसाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांशी चर्चा झाल्यावर बेत बदलला. प्रयोगशाळेऐवजी वेधशाळा उभारायचे ठरले.

मुंबईपेक्षा पुणे सोयीचे होते. नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, तीच ही संस्था. १८८८ मध्ये तिथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तयार झाली. पुढे तिथे डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण आली. कित्येक दशके भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

लॉकियर यांच्याशी मतभेद कशावरून झाला?

मृग नक्षत्रात एक अंधूक तेजोमेघ दिसतो. त्याच्या प्रकाशाचा वर्णपट काढला की त्यात एक ठळक हिरवी रेषा येते. ही रेषा कोणत्या मूलद्रव्याची, यावर तेव्हा मोठा वाद होता. नॉर्मन लॉकियर हे इंग्लंडमधले फार वजनदार नाव. सूर्यावरील हेलियमच्या शोधाशी जोडलेले आणि ‘नेचर’ या नियतकालिकाचे संस्थापक संपादक. ही रेषा मॅग्नेशियमची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तसे असेल तर रेषेची एक कड पुसट दिसायला हवी होती.

नायगमवाला यांनी पुण्यातून निरीक्षण केले. त्यांना रेषेच्या दोन्ही कडा स्वच्छ, रेखीव दिसल्या. १८९१ मध्ये त्यांनी तसे प्रसिद्ध केले. इंग्रजी राजवटीत, भारतातल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकाने लॉकियर यांच्या सिद्धांताला न जुळणारे निरीक्षण जसेच्या तसे मांडणे ही साधी गोष्ट नव्हती. लॉकियर यांचे म्हणणे पुढे टिकले नाही. १९२७ मध्ये कळले, की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे.

दिसले ते नोंदवायचे, दिसायला हवे होते ते नाही. मोबाइलवर चंद्राचा फोटो काढताना हाच मुद्दा पुन्हा येणार आहे.

१८९८ मध्ये जेऊरच का?

खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची गडद सावली जमिनीवर एका अरुंद पट्ट्यातूनच सरकते. तेव्हाचा पट्टा कोकणातून विजयदुर्गजवळून शिरून ईशान्येकडे विदर्भाच्या दिशेने गेला. पुणे त्याच्या बाहेर होते. म्हणजे पुण्यातली मोठी दुर्बीण या कामी निरुपयोगी. हलवता येणारी उपकरणे घेऊन पट्ट्यात जाणे एवढाच मार्ग होता. जेऊर पट्ट्याच्या मध्याजवळ होते आणि तिथवर रेल्वे जात होती.

काळ मात्र वाईट होता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने कहर केला होता. त्याच वर्षी जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. प्लेगच्या तपासण्या आणि धास्ती यांच्या सावटाखाली ही तयारी झाली.

जेऊरला नायगमवाला एकटे नव्हते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडी विल्यम कॅम्पबेल यांच्यासोबत तिथे तळ ठोकून होती. त्यांच्याकडे ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. त्याच दिवशी विजयदुर्गावर होते नॉर्मन लॉकियर. मतभेद असलेली ही दोन माणसे एकाच सावलीची वाट पाहत होती. सावली आधी लॉकियर यांच्यावरून गेली आणि काही मिनिटांत जेऊरला पोहोचली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना हेलियमचा शोध इथेच लागला, असे अनेकदा सांगितले जाते. पण १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा पाहताना लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी.

दोन मिनिटांत त्यांना काय टिपायचे होते?

नायगमवाला यांना सूर्याचा देखणा फोटो नको होता. त्यांचा भर वर्णपटावर होता. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाताना त्याच्या कडेचा पातळ थर क्षणभर उजळतो. त्या काही सेकंदांत त्याचा वर्णपट टिपता आला, तर त्या थरात कोणती मूलद्रव्ये आहेत ते कळते. मग उरलेल्या वेळात बाहेरचे प्रभामंडळ.

त्या काळी फोटो काचेच्या प्लेटवर निघत. प्लेट बसवायची, झाकण उघडायचे, सेकंद मोजायचे, झाकण लावायचे, दुसरी प्लेट. चूक झाली की पुन्हा संधी नाही. काय आले ते अंधाऱ्या खोलीत प्लेट धुतल्यावरच कळणार. म्हणून अशा मोहिमांत ग्रहणाआधी अनेक दिवस कवायत चाले. कोणी काय करायचे, कितव्या सेकंदाला करायचे, हे पाठ करून घेतले जाई. ढग आले तर मात्र सगळे फुकट. दोनच वर्षांपूर्वी, १८९६ मध्ये, नॉर्वेतल्या वाडसो येथे ग्रहण पाहायला गेलेल्यांची ढगांनी पूर्ण निराशा केली होती.

जेऊरला आकाश स्वच्छ राहिले. काम झाले. त्याचा सविस्तर अहवाल नायगमवाला यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केला.

त्यांचा ४० फुटी शेजारी आपल्याला काय शिकवतो?

कॅमेऱ्यात चंद्र किंवा सूर्य केवढा उमटेल, याचे गणित सोपे आहे. लेन्सच्या फोकल लेंथला साधारण ११० ने भागा. ४० फूट म्हणजे सुमारे १२.२ मीटर. भागिले ११० केले की ११ सेंटीमीटर येतात. कॅम्पबेल यांच्या प्लेटवर सूर्य एवढा मोठा पडत होता.

आता आपल्याकडे या. २०० मिलिमीटर लेन्सवर चंद्र १.८ मिलिमीटरचा. ६०० मिलिमीटरवर साडेपाच मिलिमीटरचा. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ असते ६ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे सेन्सरवर चंद्र जेमतेम ०.०५ मिलिमीटरचा, अंदाजे ५०-६० पिक्सेल रुंद. चिमटीने कितीही झूम केले तरी त्या ५०-६० ठिपक्यांतून खड्डे आणि डोंगर बाहेर येत नाहीत.

मग काही मोबाइलवर चंद्र एवढा स्पष्ट कसा दिसतो? टेलिफोटो लेन्सचा हातभार असतोच. पण काही फोनमधले सॉफ्टवेअर हा चंद्र आहे हे ओळखते आणि शिकवलेल्या चित्रांच्या आधारे तपशील भरते. ग्रहणात हे जास्त खटकते. तांबूस, अर्धवट झाकलेला चंद्र सॉफ्टवेअरच्या अपेक्षेत बसला नाही, तर रंग आणि कडा बदलू शकतात. फोटो छान येतो, पण त्या रात्रीचा राहत नाही. हिरव्या रेषेचा वाद इथे आठवावा.

चंद्रग्रहणाचा फोटो काढताना काय करावे?

• डोळ्यांची काळजी : चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी, दुर्बिणीने, कॅमेऱ्याने कसेही पाहा, धोका नाही. सूर्यग्रहणाला मात्र योग्य सोलर फिल्टर हवाच, डोळ्यांना आणि लेन्सलाही.

• ट्रायपॉड आणि टायमर : बटण दाबतानाही फोन हलतो. २ सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉड नसेल तर गच्चीच्या कठड्यावर धान्याची छोटी पिशवी ठेवून त्यावर फोन टेकवा.

• प्रो मोड : ऑटोमध्ये कॅमेरा काळ्या आकाशाकडे पाहून प्रकाश वाढवतो आणि चंद्राचा पांढरा बल्ब होतो. पूर्ण उजळ चंद्राला आयएसओ १००, एफ/८ आणि १/१२५ सेकंदापासून सुरुवात करा. मोबाइलचे अॅपर्चर बहुधा बदलता येत नाही. तिथे शटर आणखी वेगवान ठेवा.

• खग्रास स्थितीत : चंद्र हजारो पटींनी मंद होतो. आयएसओ ८०० ते १६००, अॅपर्चर शक्य तितके उघडे आणि सुमारे १ सेकंद. प्रत्येक ग्रहणाचा काळोख वेगळा असतो, त्यामुळे कमी-जास्त वेळांचे चार-पाच फोटो काढा.

• फार लांब एक्सपोजर नको : पृथ्वी फिरते म्हणून चंद्र दर दोन मिनिटांत आपल्या रुंदीएवढा सरकतो. झूम जास्त असेल तर दोन-तीन सेकंदांतही कड पुसट होते. ग्रहण मोहिमांत सूर्याच्या मागे सरकणारी यंत्रणा लागायची ती यासाठीच.

• फोकस आधी : ग्रहण लागण्यापूर्वी, चंद्र उजळ असताना त्याच्या कडेवर फोकस करून लॉक करा. तांबूस चंद्रावर ऑटोफोकस अनेकदा अडखळतो.

• सॉफ्टवेअरची भर बंद : सीन ऑप्टिमायझर किंवा एआयची सोय सेटिंगमधून बंद करा. रॉ फाइल मिळत असेल तर तीही ठेवा.

• कवायत : ग्रहणाच्या आधीच्या पौर्णिमेला सगळे एकदा करून पाहा. जेऊरला दुसरी संधी नव्हती, आपल्याला दर महिन्याला आहे.

शिरूर, दौंडकरांसाठी वेगळे काही?

चंद्र एवढा तेजस्वी असतो की रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीचे दिवे फारशी अडचण करत नाहीत. अडचण धुराची, धुळीची आणि दवाची. केडगाव परिसरातल्या गुऱ्हाळांचा धूर हिवाळ्याच्या रात्री खाली बसतो. भीमा, घोडच्या काठी आणि उसाच्या शेतांत दव लवकर पडते आणि लेन्सवर वाफ धरते. जागा नदीपासून थोडी उंचावर निवडा. कोरडे सुती फडके जवळ ठेवा. उबदार खोलीतून कॅमेरा बाहेर आणलात तर वीस मिनिटे तसाच राहू द्या.

२०२८ च्या ग्रहणाची खग्रास स्थिती साधारण ७१ मिनिटांची आहे, रात्री पावणेदहा ते अकराच्या दरम्यान. वर्षअखेरीची रात्र असल्याने फटाक्यांचा धूरही असेल. गावाबाहेरची गच्ची बरी.

नायगमवाला यांच्या वेधशाळेचे पुढे काय झाले?

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली. तिची धुरा पुढे कोणाकडे गेलीच नाही. २० इंची दुर्बीण आणि उपकरणे तमिळनाडूतल्या कोडाईकॅनॉलला पाठवली गेली. तिथेही ती दुर्बीण दीर्घकाळ पडून होती. १९५१ मध्ये ती उभी राहिली आणि भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली गेली. ती वापरणाऱ्याचे नाव तिला मिळाले नाही. १९३८ मध्ये नायगमवाला यांचे निधन झाले.

पुण्याच्या विज्ञानाच्या गप्पांत त्यांचे नाव आज क्वचितच निघते. तरीही जेऊरची ती दोन मिनिटे हरवली नाहीत, कारण जागा, वेळ, उपकरण आणि निकाल लिहून ठेवलेला अहवाल मागे राहिला.

आपल्या फोनमध्ये चंद्राचे फोटो असतात, पण कुठून, किती वाजता, कोणत्या सेटिंगवर काढले ते वर्षभराने आठवत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले की फाइल दाबली जाते आणि सोबतची माहितीही बहुधा गळून पडते. म्हणून मूळ फाइल जपून ठेवा. ग्रहणाच्या रात्री तासातासाने दोन ओळी लिहा : गाव, वेळ, आकाश कसे होते, चंद्राचा रंग तांबडा की विटकरी की जवळजवळ काळा. ग्रहणातला चंद्र किती गडद होता यावरून पृथ्वीच्या वातावरणातली ज्वालामुखीची राख आणि धूळ यांचा अंदाज बांधता येतो. न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या गच्चीवरची नीट लिहिलेली नोंदही त्यासाठी उपयोगी पडू शकते.