नसांमध्ये लपणाऱ्या जंतूचा पिच्छा पुरवणाऱ्या कमल रणदिवे

कांजिण्या बऱ्या झाल्या की आपल्याला वाटतं, सुटलो. पण त्यांचा विषाणू जात नाही. तो नसांच्या मुळाशी गप्प बसतो आणि कित्येक वर्षांनी नागीण होऊन बाहेर येतो. कुष्ठरोगाचा जंतूही असाच नसांमध्ये ठाण मांडतो. हॅन्सन यांनी तो 1873 मध्ये शोधला, पण प्रयोगशाळेत तो काही केल्या वाढेना. आणि जंतूच वाढत नसेल, तर लस कशी बनवणार?

या प्रश्नाला भिडलेल्या मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

त्यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये शिकून, लग्नानंतर त्या मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली काम करू लागल्या. 1949 मध्ये पीएचडी झाली. पुढे अमेरिकेत त्यांनी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. प्रसिद्ध हेला पेशी वाढवणारे ते हेच. परत आल्यावर कमलताईंनी मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली.

आता विचार सरळ होता. जंतूला नसा आवडतात ना, मग त्याला त्याच देऊ! मानवी गर्भाच्या कण्याजवळच्या चेतापेशी बाटलीत वाढवून त्यात कुष्ठरुग्णाच्या गाठीतले जंतू सोडले. एक जंतू वाढला. 1958 मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी हे काम जाहीर केलं.

पण हा कुष्ठरोगाचाच जंतू होता का? नाही. तो त्याचा भाऊबंद निघाला. खरा जंतू आजही कृत्रिम माध्यमात वाढत नाही. तरीही त्या भाऊबंदापासून याच संस्थेत पुढे लस तयार झाली आणि दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे 65 टक्के संरक्षण दिलं.

1973 मध्ये कमलताईंनी भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना सुरू केली. 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या बीडशेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, राजूरच्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत राहिल्या. 2001 मध्ये त्यांचं निधन झालं.

हवा तो जंतू हाती लागला नाही, पण केलेलं काम वायाही गेलं नाही.