बादशहाने कधी न पाहिलेला मलिक अंबर

परवा असरच्या नमाजनंतर मंठ्याच्या बाजारात खजूर घ्यायला उभा होतो. शेजारच्या बोळात पोरं क्रिकेट खेळत होती. आउट की नॉट आउट यावरून जुंपली आणि एकाने दुसऱ्याला हबशी म्हटलं. ते पोर रंगाने काळंसावळं, एवढाच त्याचा दोष. उभी असलेली मोठी माणसं हसली. मीही हसलो, आणि घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यातून जाईना. कारण ज्या दख्खनच्या मातीत उभे राहून आपण हा शब्द शिवीसारखा वापरतो, ती माती राखण्यासाठी एक हबशी सव्वीस वर्षं मोगलांशी झुंजला होता. शाळेच्या इतिहासात मलिक अंबर हे नाव आपण सगळ्यांनी वाचलं आहे. दोन मार्कांची टीप म्हणून पाठही केलं असेल. पण तो कोण होता, कुठून आला, याकडे आपलं फारसं लक्ष गेलं नाही.

अंबर जन्मला १५४८ च्या सुमारास, हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात. मूळचं नाव चापू. पोरवयातच तो गुलामांच्या बाजारात आला. तांबड्या समुद्राकाठचं मोखा बंदर, मग बगदाद, असा विकत विकत तो पुढे सरकत गेला. बगदादच्या मालकाने त्याची हुशारी ओळखून त्याला शिकवलं. तिथेच तो मुसलमान झाला आणि त्याला अंबर हे नाव मिळालं. मराठीत अंबर म्हणजे आकाश, पण हे नाव तसलं नाही. अंबर हे एक सुगंधी द्रव्य. काफूर, याकूत, संदल अशी सुगंधाची नि रत्नांची नावं गुलामांना देण्याची तेव्हा रीत होती. किमती वस्तूंची नावं, कारण माणूसही वस्तूच.

दख्खनमध्ये त्याला विकत घेतलं ते अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने. हा चंगीजखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम. तो वारल्यावर त्याच्या बायकोने अंबरला मोकळं केलं. पुढची वीसेक वर्षं भाड्याचा शिपाई म्हणून गेली. विजापूरला मलिक हा किताब मिळाला, मग तो परत निजामशाहीत आला. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि निजामशाही संपली असं आग्र्याला वाटलं. अंबरने परांड्याला निजामशाही घराण्यातला मूर्तजा गादीवर बसवला, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार हाती घेतला.

इथून पुढची त्याची लढाई आपल्याच वाटेवरची आहे. १६०२ च्या सुमारास नांदेडजवळ तो खानखानाच्या मुलाशी लढताना घायाळ झाला. त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेलं म्हणून वाचला. १६१६ मध्ये त्याच सरदाराने रोषणगावला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, त्याचा मोठा पराभव केला. जालन्याहून मंठ्यावरून नांदेडकडे जाणाऱ्या एसटीत बसणाऱ्याला कुठे माहीत असतं, की या रस्त्याच्या दोन टोकांना या एकाच माणसाच्या दोन लढाया झाल्या आहेत. दोन्ही तो हरला. आणि दोन्ही वेळा पुन्हा उभा राहिला.

आता जहांगीर बादशहाचं पाहा. अंबर आणि जहांगीर यांची समोरासमोर भेट कधीच झाली नाही. तरी बादशहाच्या आठवणींच्या ग्रंथात अंबरचं नाव येतं ते बहुतेक शिव्या घेऊनच, आणि त्या शिव्या त्याच्या रंगाला चिकटलेल्या आहेत. मोगल फौज हरली की दोष कुणाचा? सरदारांच्या आपसातल्या भांडणाचा, फितुरीचा, नशिबाचा. दोह्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेला रहीम, म्हणजे अब्दुल रहीम खानखाना, दख्खनमध्ये सेनापती होता. त्याने अंबरशी लढून पाहिलं, मग तह करून पाहिला. त्याला या माणसाची किंमत कळली होती. तर दरबारात त्याच्यावरच अंबरला सामील असल्याचा संशय घेतला गेला. काळा गुलाम आपल्यापेक्षा चांगला सेनापती असू शकतो, हे एक सोडून बाकी सगळी कारणं दरबाराला सुचत होती.

१६१६ च्या सुमारास जहांगीरच्या आवडत्या चितारी अबुल हसनने एक चित्र काढलं. ते आता आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. बैलाच्या पाठीवर पृथ्वीचा गोल, त्यावर बादशहा उभा. समोर भाल्याच्या टोकाला मलिक अंबरचं कापलेलं मुंडकं, त्यावर घुबड, आणि बादशहा त्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. रंगाची, रात्रीच्या काळोखाची टिंगल चित्रातल्या फारसी ओळींतही आहे. खरी गोष्ट अशी की ते मुंडकं कुणी कधी कापलंच नाही. चित्र निघालं त्यानंतर अंबर आणखी दहा वर्षं जगला आणि जहांगीरचाच मुलगा खुर्रम, पुढचा शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून पळाला तेव्हा अखेर अंबरशीच हात मिळवता झाला.

मला यात जास्त बोचतं ते वेगळंच. जहांगीरही मुसलमान, अंबरही मुसलमान. रमजानमध्ये आपल्या बयानांतून हजरत बिलालांची गोष्ट हमखास सांगितली जाते. तेही हबशी, तेही गुलाम. हिजरी सन ८ च्या रमजानमध्येच मक्का जिंकलं गेलं, तेव्हा काबागृहाच्या छतावरून अजान द्यायला पैगंबर साहेबांनी बिलालांना सांगितलं. काही कुरैशी सरदारांना ते रुचलं नाही. ही गोष्ट ऐकत वाढलेल्यांच्या दरबारात ते चित्र निघालं. अंबरच्या घरातही हेच शिरलं होतं. पीटर व्हॅन डेन ब्रुक हा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला भेटला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की मूर्तजाच्या गोऱ्या, इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं. मुलीने बापाला सांगितलं. अंबरने त्या बेगमेला आणि आपल्याच जावयाला, सुलतानाला, विष घालवलं. हे मी झाकत नाही. अपमानाची धग खरी होती, पण त्यावरचा त्याचा उतारा भयंकर होता.

त्याच्याबरोबर उठबस करणाऱ्यांनी मात्र त्याला वेगळ्या नजरेने पाहिलं. त्याच्या घोडदळात मराठे भरपूर होते. वेरूळचे भोसले त्याच्या बाजूने लढले. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा त्याने तलावाचं पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात बुडवली. त्या लढाईत शहाजीराजे होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. शिवाजी महाराजांच्या चरित्रावरचं शिवभारत हे संस्कृत काव्य अंबरचा उल्लेख शूर वीर म्हणून करतं. सगळेच टिकले असं नाही, सिंदखेडचे जाधव रोषणगावच्या आधी मोगलांकडे गेले. पण जमण्या-फुटण्याची कारणं जहागिरी, मानपान, भाऊबंदकी अशी होती. कोण हिंदू, कोण मुसलमान, या आजच्या फुटपट्टीने ती फौज मोजायला गेलं तर काहीच हाती लागत नाही.

शेतकऱ्याला तर त्याचा रंग माहीत असण्याचंही कारण नव्हतं. त्याला माहीत होता तो मलिकंबरी धारा. इजारेदाराला गाव मक्त्याने देऊन त्याने हवं तेवढं पिळावं, ही पद्धत अंबरने मोडली. जमीन मोजली, कस पाहून प्रत लावली आणि पीक पाहून सारा ठरवला. शिवाजी महाराजांच्या लहानपणी पुणे परगण्याची घडी बसवताना हाच धारा पुढे नमुना ठरला. १६१० मध्ये त्याने खडकी गाव राजधानीसाठी वसवलं, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. पाणचक्की पाहून येणारे तीच अंबरची समजतात, पण ती फार नंतरची. त्याने काळ्या दगडात बांधलेल्या मशिदींना लोक आजही काळी मशीद म्हणतात.

१६२६ च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात असताना, अंबर वारला. जहांगीरने आठवणी लिहिणं तोवर सोडलं होतं. त्याच्या दरबाराचा इतिहासकार मुतमदखान याने मात्र शत्रूच्या मरणाची नोंद करताना मोकळ्या मनाने लिहिलं, की युद्धात, हुकमतीत आणि कारभारात या माणसाला तोड नव्हती आणि तो शेवटपर्यंत इभ्रतीने जगला. पण त्या नोंदीची सुरुवातही तो गुलाम होता, इथूनच होते. गुलाम असूनही एवढा मोठा, असा तो सूर. हे असूनही मला चांगलं ओळखीचं आहे. मुसलमान असून किती छान मराठी लिहिता, असं मला प्रेमाने सांगणारे या गावात पुष्कळ आहेत. त्यांच्या मनात काही वाईट नसतं हे मला ठाऊक आहे. आणि आमच्या घरांत सोयरीक जमवताना मुलगी सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे, असं जे म्हणतात ते काही वेगळं नसतं. शेवया करता करता माझ्याच घरात ते परवा म्हटलं गेलं.

अंबरची कबर खुलताबादला आहे. घुमट त्याने जिवंतपणीच बांधून घेतला होता, शेजारी बीबी करीमाची, त्याच्या पत्नीची कबर. मंठ्याहून जालना, संभाजीनगर, दौलताबादचा घाट असं जावं लागतं. आपली माणसं तिकडे जातात, कुणी जर जरी जर बक्षच्या दर्ग्याला, कुणी भद्रा मारुतीला. मागच्या खेपेला आम्ही मलिक अंबरचा मकबरा विचारत हिंडलो, तर पहिल्या दोघांना सांगता आलं नाही. तिसरा एक म्हातारा चहावाला होता. त्याने हातातली किटली खाली ठेवली, टपरी तशीच सोडली आणि वळणापर्यंत आमच्याबरोबर चालत आला.