कोतवालीच्या दाराबाहेरचा शिपाई

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी भल्या पहाटे मैदानावर धावणारी मुले आता कोणाला नवी राहिलेली नाहीत. सोळाशे मीटरची धाव, गोळाफेक आणि त्यानंतर शंभर गुणांची लेखी परीक्षा, एवढ्या शिदोरीवर पोलीस शिपाई होण्याची उमेद बाळगणारा हा तरुण बहुधा शेतकऱ्याच्या वा शेतमजुराच्या घरचा असतो. त्याची छाती मोजली जाते, अंकगणित आणि व्याकरण तपासले जाते. वरिष्ठाने अन्यायाचा हुकूम दिला तर तो काय करील, हे मात्र कोणी तपासत नाही. या प्रश्नाचे मोल जाणण्यासाठी मराठवाड्यातूनच पुण्यास गेलेल्या एका कोतवालाचे चरित्र नजरेखालून घालणे उद्‌बोधक ठरेल.

घाशीराम सावळदास हा मूळचा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. औरंगाबादेहून तो पुण्यास आला आणि नाना फडणीसांच्या मर्जीत शिरला. तो काळ विलक्षण धास्तीचा होता. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता, रघुनाथराव इंग्रजांना जाऊन मिळाले होते आणि गादीवर अल्पवयीन सवाई माधवराव होते. शहरात कोण येतो, कोणाकडे उतरतो, रात्री काय बोलतो, याची खबर ठेवणारा माणूस कारभाऱ्यांना हवा होता. १७७७ च्या सुमारास पुण्याची कोतवाली घाशीरामाकडे आली.

कोतवालाचे अधिकार आजच्या कोणाही पोलीस अधिकाऱ्याच्या अधिकारांहून व्यापक होते. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडणाऱ्यास पकडणे, परगावच्या माणसांची नोंद ठेवणे, बाजारातील वजने-मापे पाहणे, किरकोळ तंटे तोडणे आणि दंड वसूल करणे, ही सारी कामे त्याच्याच कचेरीत चालत. धरणारा तोच, चौकशी करणारा तोच आणि शिक्षा सांगणाराही तोच. दंडाने सरकारी तिजोरीत भर पडे आणि बातम्यांनी कारभाऱ्यांची चिंता हलकी होई. अशा उपयुक्त माणसाविरुद्धच्या तक्रारी वरपर्यंत पोहोचल्या तरी तेथे त्यांना कान मिळणे कठीणच होते. तेरा-चौदा वर्षे हा कारभार चालला.

ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस त्याचा घडा भरला. श्रावणातील दक्षिणेच्या निमित्ताने पुण्यास आलेल्या तैलंग ब्राह्मणांपैकी काहींनी भवानी पेठेतील कोतवालाच्या बागेतून फळे तोडली, अशी हकिकत सांगतात. घाशीरामाने त्यांना पकडून एका अरुंद, कोंदट जागेत डांबले. दार उघडले गेले तेव्हा वीसहून अधिक माणसे गुदमरून मेली होती. शहर खवळले आणि संतप्त जमाव नानांच्या दाराशी जमला. ज्यांनी इतकी वर्षे घाशीरामाला सांभाळले, त्यांनीच अखेर त्याला जमावाच्या स्वाधीन केले. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी त्याची धिंड निघाली आणि दगडांनी ठेचून त्याला मारण्यात आले.

१८६३ साली मोरोबा कान्होबांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या नाटकाने त्याचे नाव घराघरांत नेले. नाटक म्हणजे इतिहास नव्हे. तथापि सत्ता आपले हस्तक कसे घडविते आणि कसे टाकून देते, हे त्यातील मर्म इतिहासाशी विसंगत नाही.

घाशीराम दुष्ट होता, एवढे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु त्या खोलीला कुलूप घालणारे हात एकट्या घाशीरामाचे नसणार. दाराबाहेर कोणी पहारेकरी असतील, त्यांच्या कानी आतला आकांत पडला असेल, आणि हुकूम नाही म्हणून ते जागचे हलले नसतील. कोतवाल दगडांखाली मेला. दाराबाहेरचा शिपाई मात्र तसाच राहिला. जमावाच्या सूडाने एक माणूस संपतो, पद्धत सुधारत नाही.

आपल्या राज्यघटनेने धरणारा आणि न्याय करणारा यांची फारकत केली. अटक केलेल्या माणसास चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे बंधन घातले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम आखून दिले. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच परभणीत अटक झालेला विधी शाखेचा एक तरुण विद्यार्थी कोठडीत असताना मरण पावला आणि गुन्हा नोंदवून घेण्यासाठी २०२५ साली उच्च न्यायालयास आदेश द्यावा लागला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. परंतु केवळ नियम छापून कोठडीतला माणूस सुरक्षित होत नाही, हे उघड आहे.

म्हणून पोलिसांच्या प्रशिक्षणात नीतीचा तास हा कवायत आणि कायद्याच्या कलमांमध्ये उरलेली जागा भरण्यापुरता नसावा. बेकायदा हुकूम ओळखावा कसा, तो नाकारावा कसा, नाकारल्याची नोंद कोठे करावी आणि कोठडीतून हाक आली तर कोणाचीही वाट न पाहता दार कसे उघडावे, याचा सराव बंदुकीच्या सरावाइतकाच नित्य झाला पाहिजे. आणि असे वागणाऱ्या शिपायाची बदली होणार नाही, ही हमी वरिष्ठांनी दिली पाहिजे. एरवी तो धडा वर्गातच राहील.

जिंतूरच्या मैदानावर आज धावणारा मुलगा उद्या अशाच एखाद्या दाराबाहेर उभा राहणार आहे. त्याच्या हाती किल्ली देण्यापूर्वी ती केव्हा फिरवायची, हे त्याला शिकविणे आपले कर्तव्य आहे.