लेण्यात रंगली शाही मेजवानी: १८७५ साली घारापुरीला आलेला युवराज कोण होता?

गेटवे ऑफ इंडियाहून लाँच पकडली की तासाभरात घारापुरी बेट येते. महेशमूर्तीपुढे फोटो काढणाऱ्या वर्ध्याच्या पर्यटकाला सहसा ठाऊक नसते, की दीडशे वर्षांपूर्वी याच लेण्यात ब्रिटनच्या युवराजासाठी जेवणाची टेबले मांडली गेली होती. हा युवराज म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड.

पहिली गुहा आईबरोबर

एडवर्डचा जन्म ९ नोव्हेंबर १८४१चा. घरात त्याला बर्टी म्हणत. ऑगस्ट १८४७मध्ये राणी व्हिक्टोरिया राजनौकेतून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याने निघाली. स्टाफा बेटापाशी सगळे होडीत उतरले आणि होडी वल्हवत थेट फिंगलच्या गुहेत नेली. बर्टी तेव्हा पाच वर्षांचा होता. लाटांनी पोखरलेली ही गुहा काळ्या बेसॉल्टच्या उभ्या खांबांची आहे. बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक. घारापुरीची लेणीही बेसॉल्टचीच, फक्त ती लाटांनी नव्हे, सहाव्या शतकाच्या सुमारास माणसांनी कोरली. आपल्याकडची कपाशीची काळी जमीनही याच जातीचा खडक झिजून तयार झाली आहे.

बिनकामाचा युवराज

१८६१मध्ये वडील प्रिन्स अल्बर्ट वारले. मुलाच्या एका प्रेमप्रकरणाने ते खचले, असे राणीच्या मनाने घेतले. तिने मुलाला राज्यकारभारापासून दूरच ठेवले. मग शिकार, घोड्यांच्या शर्यती आणि मेजवान्या यांतच त्याची वर्षे गेली. १८७५चा हिंदुस्थान दौरा हे त्याला मिळालेले एक मोठे काम म्हणता येईल.

घारापुरीत काय झाले?

८ नोव्हेंबर १८७५ला ‘सेरापिस’ जहाज मुंबईला लागले. दुसऱ्याच दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस होता. काही महिन्यांपूर्वीच गादीवर बसलेले बारा वर्षांचे सयाजीराव गायकवाड भेटीला आले होते. युवराजाने प्रिन्सेस डॉकची पायाभरणीही केली. त्याच मुक्कामात तो बोटीने घारापुरीला गेला. गव्हर्नर फिलिप वुडहाउस यजमान होते. लेणे दिव्यांनी उजळले होते आणि खांबांमध्ये विलायती मेजवानी रंगली.

सरकारच्या लेखी ते प्रेक्षणीय स्थळ होते, भाविकांच्या लेखी शंकराचे ठाणे. यात अपमानाचा हेतू नसेलही. पण लंडनच्या एखाद्या कॅथेड्रलमध्ये वेदीपुढे अशी पंगत कुणी बसवली असती का?

आणि काळ कसा होता? त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, हे त्यामागचे एक कारण. पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. दुष्काळ चालू असतानाच १ जानेवारी १८७७ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला सम्राज्ञी घोषित केले गेले.

एक गोष्ट मात्र युवराजाच्या बाजूने सांगायला हवी. इंग्रज अधिकारी इथल्या संस्थानिकांशी उर्मटपणे वागतात, अशी तक्रार त्याने विलायतेला पत्राने कळवली होती.

पुढे काय?

१९०१मध्ये, साठीला टेकल्यावर, तो राजा झाला. ६ मे १९१०ला त्याचे निधन झाले.

दौऱ्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी दिलेला त्याचा अश्वारूढ पुतळा १८७९मध्ये मुंबईत उभा राहिला. लोक त्याला काळा घोडा म्हणू लागले. १९६५मध्ये पुतळा तिथून हलवला. परिसराचे नाव तेच राहिले. २०१७मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही.

जुना पुतळा आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे जिजामाता उद्यानात आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिले, तो हत्ती १८६४मध्ये हलवताना फुटला होता. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्तीही याच बागेत पाहायला मिळतो.