तीन रात्री, एक दरी आणि जॉन म्यूर

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने बरोबरचा सारा लवाजमा हॉटेलकडे रवाना करावा आणि स्वतः एका पासष्ट वर्षांच्या भटक्या निसर्गप्रेमीसोबत जंगलात उघड्यावर मुक्काम ठोकावा, ही गोष्ट आज कुणाला खरी वाटणार नाही. मे १९०३ मध्ये कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतराजीत ती प्रत्यक्ष घडली. राष्ट्राध्यक्ष होते थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांचे वाटाडे होते जॉन म्यूर. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या इतिहासात या तीन रात्रींना मानाचे स्थान आहे. मात्र त्या रात्रींपर्यंत पोहोचण्यासाठी म्यूर यांना अर्धे आयुष्य खर्ची घालावे लागले होते.

म्यूर यांचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या सागरकाठच्या गावी झाला. ते अकरा वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत आले आणि विस्कॉन्सिनमध्ये जंगल तोडून त्यांनी शेती सुरू केली. वडील डॅनियल म्यूर अत्यंत कडक शिस्तीचे व कर्मठ धार्मिक वृत्तीचे. मुलांकडून बायबलचे पाठांतर करून घेताना छडी हाताशीच असे. शेतावर विहीर खोदण्याची वेळ आली तेव्हा वालुकाश्माचा कठीण थर छिन्नी-हातोडीने फोडण्याचे काम जॉनच्या वाट्याला आले. सुमारे ८० फूट खोलीवर तळाशी साचलेल्या विषारी वायूने तो जवळजवळ गुदमरून गेला होता. एक-दोन दिवसांची विश्रांती मिळाली आणि त्याला पुन्हा त्याच विहिरीत उतरवण्यात आले!

पहाटे उठून चोरून वाचन करणाऱ्या या मुलाने लाकडाची घड्याळे व नाना यंत्रे बनवली. त्या बळावर तो विद्यापीठात पोहोचला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. यंत्रांच्या कारखान्यातच त्याचे आयुष्य गेले असते. परंतु मार्च १८६७ मध्ये इंडियानापोलिस येथील कारखान्यात काम करताना कानशीचे टोक उजव्या डोळ्यात घुसले. पाठोपाठ दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी मंदावली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून काढावे लागले. दृष्टी परत आली तेव्हा म्यूर यांनी यंत्रांना रामराम ठोकला आणि त्याच वर्षी सुमारे हजार मैलांची पायपीट करत फ्लोरिडाचा किनारा गाठला. तेथे हिवतापाने गाठले. पुढे क्युबामार्गे प्रवास करत १८६८ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरले आणि तेथून चालतच योसेमिटीकडे निघाले.

उभ्या ग्रॅनाइटच्या कड्यांची ही दरी त्यांना पुढे कधीच सोडवली नाही. १८६९ च्या उन्हाळ्यात ते दोन हजारांवर मेंढ्यांच्या कळपाबरोबर सिएराच्या उंच कुरणांत गेले. पोटापाण्यासाठी पत्करलेल्या या कामातच मेंढ्यांच्या खुरांखाली कुरणांची कशी माती होते, हे त्यांनी जवळून पाहिले. नंतर दरीतील एका लाकूड-गिरणीत त्यांनी नोकरी धरली. सुटीच्या दिवशी पाव आणि चहाची पुडी एवढ्याच शिदोरीवर ते डोंगरात नाहीसे होत. अनेकदा पांघरूणही सोबत नसे.

योसेमिटी दरी कशी झाली, यावरही त्या काळी वाद होता. भूकंपासारख्या उत्पातात जमिनीचा तळ खचून ती बनली, असे कॅलिफोर्नियाचे राज्य भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांचे म्हणणे होते. हिमनद्यांनी ती कोरली, असे म्यूर सांगू लागले तेव्हा व्हिटनी यांनी एका मेंढपाळाचे अज्ञान म्हणून त्यांना उडवून लावले. म्यूर यांनी सिएरात जिवंत हिमनद्या शोधल्या आणि १८७२ मध्ये बर्फात खुंट रोवून त्यांची हालचाल मोजून दाखवली. तपशिलात त्यांच्या काही चुका झाल्या, तरी मूळ मुद्द्यावर पुढील संशोधनाने मेंढपाळाच्याच बाजूने कौल दिला.

१८७१ मध्ये थोर विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सन योसेमिटीला आले. मारिपोसा येथील प्रचंड सिकोया वृक्षांखाली एक रात्र आपल्यासोबत काढावी, अशी गळ म्यूर यांनी त्यांना घातली. इमर्सन तेव्हा ६७ वर्षांचे होते. रात्रीची थंडी बाधेल म्हणून बरोबरच्या मंडळींनी मोडता घातला. पाहुणे निघून गेले आणि म्यूर त्या वृक्षराजीत एकटेच राहिले. ही हुरहूर त्यांना दीर्घकाळ लागून राहिली.

१८८० मध्ये लुई स्ट्रेंट्झेल यांच्याशी विवाह झाल्यावर म्यूर मार्टिनेझ येथील सासऱ्यांच्या फळबागांत रमले. दोन मुली झाल्या, पैसाही मिळाला, पण प्रकृती आणि लेखणी दोन्ही मंदावल्या. १८८९ मध्ये ‘सेंच्युरी’ मासिकाचे संपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन त्यांच्यासोबत ट्वोलमी कुरणांत मुक्कामाला आले आणि चक्रे पुन्हा फिरू लागली. म्यूर यांनी दोन लेख लिहिले, जॉन्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये खटपट केली आणि १ ऑक्टोबर १८९० रोजी योसेमिटी राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १८९२ मध्ये ‘सिएरा क्लब’ स्थापन झाला आणि म्यूर अखेरपर्यंत त्याचे अध्यक्ष राहिले.

या यशात एक मोठी खोच होती. उद्यान भोवतालच्या डोंगरांचे झाले. मुख्य दरी आणि मारिपोसाची वृक्षराजी १८६४ च्या अब्राहम लिंकन यांच्या काळातील कायद्यानुसार कॅलिफोर्निया राज्याकडेच राहिली. तेथील कारभार ढिसाळ होता, कुरणे नांगरली जात होती.

अशा वेळी १९०३ मध्ये रूझवेल्ट यांचे पत्र आले. म्यूर तेव्हा जगप्रवासाला निघण्याच्या बेतात होते. त्यांनी तो बेत पुढे ढकलला. १५ मे रोजी बग्ग्यांचा ताफा मारिपोसाला पोहोचला आणि रूझवेल्ट यांनी सर्वांना निरोप दिला. मागे उरले ते दोघे, दोन रेंजर आणि सामानाची खेचरे सांभाळणारा एक गडी. पहिली रात्र त्यांनी ‘ग्रिझली जायंट’ या महाकाय सिकोयाच्या परिसरात काढली. बत्तीस वर्षांपूर्वी इमर्सन जेथे थांबले नव्हते, त्याच वृक्षराजीत!

दुसऱ्या दिवशी घोड्यांवरून बर्फ तुडवत ते ग्लेशियर पॉइंटकडे गेले. त्या रात्री हिमवर्षाव झाला. सकाळी पांघरुणांवर काही इंच बर्फ साचलेले पाहून चव्वेचाळीस वर्षांचे राष्ट्राध्यक्ष लहान मुलासारखे खूष झाले. दोघेही बोलण्यात पटाईत, त्यामुळे शेकोटीभोवती कोण कुणाचे ऐकत होते हा प्रश्नच आहे. शिकारीचा षौक आता सोडावा, असे म्यूर यांनी रूझवेल्ट यांना तोंडावर सुनावले. पक्ष्यांची खडान्‌खडा माहिती असलेल्या रूझवेल्ट यांना मात्र या थोर निसर्गप्रेमीला पक्ष्यांच्या गाण्यात फारसा रस नाही, याचे आश्चर्य वाटले. तिसऱ्या दिवशी दरीत मेजवानीचा आणि आतषबाजीचा थाट मांडलेला होता. रूझवेल्ट यांनी तो नाकारला आणि ब्राइडलव्हेल धबधब्याजवळील कुरणात शेवटचा मुक्काम केला.

दरी राज्याच्या हातून काढून घ्यावी, हा म्यूर यांचा आग्रह राष्ट्राध्यक्षांना पटला. पण एकट्या शेकोटीने कायदे होत नाहीत. १९०५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात ठराव संमत होण्यासाठी रेल्वेसम्राट एडवर्ड हॅरिमन यांचे वजन खर्ची पडले. जून १९०६ मध्ये रूझवेल्ट यांच्या स्वाक्षरीने दरी आणि मारिपोसा राष्ट्रीय उद्यानात सामील झाले. रूझवेल्ट यांनी आपल्या कारकिर्दीत पाच राष्ट्रीय उद्याने आणि अठरा राष्ट्रीय स्मारके जाहीर केली. त्या सर्वांचे श्रेय या सहलीला देणे अतिशयोक्तीचे ठरेल.

म्यूर यांच्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या दरीला ते मानवी स्पर्शाविना राहिलेले मंदिर मानत, तेथे अहवानीची लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने त्यांना तेथून हुसकावले होते. म्यूर यांच्या सुरुवातीच्या लेखनात मूलनिवासींविषयी तुच्छतेचे उल्लेख आढळतात. २०२० मध्ये खुद्द सिएरा क्लबने याची जाहीर कबुली दिली.

शेवटची लढाई ते हरले. एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले आणि शहराच्या पाण्यासाठी उद्यानाच्या हद्दीतीलच हेच हेची दरीत धरण बांधण्याच्या मागणीला जोर आला. सौंदर्यात ही दरी योसेमिटीची धाकटी बहीण मानली जाई. १९०८ मध्ये रूझवेल्ट यांच्याच सरकारने परवानगी दिली. शेकोटीची मैत्री येथे उपयोगी पडली नाही. ज्या विल्यम केंट यांनी रेडवूडचे जंगल देशाला दान करून त्याला म्यूर यांचे नाव देवविले, त्यांनीही संसदेत धरणाच्या बाजूने काम केले. १९ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी धरणाच्या कायद्यावर सही केली.

पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात न्यूमोनियाने म्यूर यांचे निधन झाले. अलास्कावरील पुस्तकाचे अपुरे हस्तलिखित त्यांच्याजवळ होते. १९२३ मध्ये धरण पूर्ण झाले आणि हेच हेची पाण्याखाली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या नळांना तेथील पाणी १९३४ पासून येऊ लागले.