वस्तीच्या अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. या शहरात सिंथिया फरार यांच्या संस्थेत सावित्रीमाईंनी अध्यापनाचे धडे घेतले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू पट्ट्यातून आजही दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. त्या कोयत्याबरोबर गेलेले तीन-चार वर्षांचे लेकरू मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. आईबाप फडात, लेकरू कोपीत, आणि त्याला सांभाळणारी बहीण स्वतःच शाळेच्या वयाची! अशा लेकरांच्या शिक्षणाचा प्रश्न ज्यांनी महाराष्ट्रात आयुष्यभर हाताळला, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ताराबाई आमच्या चळवळीतल्या नव्हेत. १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत केळकरांच्या सवर्ण पण सुधारकी घरात त्या जन्मल्या. घरावर प्रार्थना समाजाचा संस्कार होता. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या. पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या काळात एकटे उभे राहणे सोपे नव्हते. राजकोटच्या महिला अध्यापक विद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या, आणि १९२३ मध्ये ती मानाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. तेथे माँटेसरी पद्धतीने लहान मुलांना शिकविण्याचे प्रयोग चालत. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार उभारला.

येथेच त्या थांबल्या असत्या तर आम्ही त्यांच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. दादरच्या शिकल्यासवरल्या घरातील मुलांना शिकविणाऱ्या पुष्कळ होत्या. ताराबाईंना मात्र कळून चुकले की महागडी साधने, स्वच्छ इमारत आणि फी भरणारा पालक यांवर उभे असलेले बालशिक्षण गरिबाच्या दारापर्यंत कधीच पोहोचणार नाही. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढे त्यांच्या कार्याच्या वारस ठरल्या. ते वर्षही ध्यानात घ्यावे. त्याच भागात १९४५ मध्येच वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. कशी फिरकणार? गावाची शाळा ही गावाचीच असते, वस्तीची नसते, हे त्यांच्या बापजाद्यांनी भोगले होते. अशा वेळी सुधारक म्हणविणारे सहसा या लोकांनाच शिक्षणाची गोडी नाही, असे म्हणून मोकळे होतात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच वस्तीत न्यायची, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांचे हातपाय धुवायचे, नखे काढायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती ही साधने झाली. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशभर गेलेला हा शब्द असा वस्तीत जन्मला.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेले. तेथे दुसरी अडचण दिसली. मोठी मुलगी शाळेत यावी तर कडेवरच्या भावंडाला कोण सांभाळणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. गुरे राखणारी मुले येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव सरकारी झाले.

ताराबाईंचा ओढा गांधीविचाराकडे होता. आमचा मार्ग बाबासाहेबांचा. दयेने मिळालेली शाळा दया आटली की बंद पडते. हक्काने मिळालेली शाळा बंद करता येत नाही. म्हणूनच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व होते. खालची वयोमर्यादा त्यात नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले खरे, पण ते फक्त ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. सहा वर्षांखालचे मूल मार्गदर्शक तत्त्वातच राहिले. ज्याच्या घरी पुस्तक आहे, त्याचे या फरकावाचून काही अडत नाही. ज्याच्या घरी आजवर पाटीही आली नाही, ते मूल पहिलीत पाऊल टाकतानाच मागे पडलेले असते.

आता आमच्या वाचकांनी करावयाचे काम. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाडी देताना अग्रक्रम द्यावा, आणि जेथे सहा वर्षांखालील किमान ४० मुले असूनही अंगणवाडी नाही, तेथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. तेव्हा आपल्या गावात अंगणवाडी कोठे भरते ते पाहा. वस्तीत की वस्तीतले मूल जाताना बिचकते अशा ठिकाणी? मुले मोजा, मागणीचा अर्ज लिहा, ग्रामसभेत ठराव मांडा. ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांची नावे त्या यादीत आधी घाला. कोपीच्या दारातही अंगण असते. ताराबाईंनी शाळा वस्तीपर्यंत आणली. तिला हक्काचे कुंपण घालण्याचे काम आपले आहे.